कळव्याचा सर्व्हर दुपारी झोपतो

दक्षता नाखवाला आवाज ऐकत बसायची सवय होती. गाणी नव्हेत की माणसांच्या गप्पाही नव्हेत, नुसते आवाज. पंख्याचा, कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच्या वाफेचा, लांबून येणाऱ्या पाण्याचा. कळव्याच्या रक्तपेढीत पहिल्या मजल्यावर एक छोटी, थंडगार खोली होती. तिथे ती रोज सकाळी आल्या आल्या पाच-दहा मिनिटं काही न करता उभी राहायची. काचेच्या दाराआड सर्व्हरच्या पेट्या एका सुरात घुमत असत, आणि त्या सुरात तिला वाटायचं, सगळं ठीक आहे.

खाली काउंटरवर रक्ताच्या पिशव्या देणारी अमृता तिला हसायची. "मॅडमची समाधी लागली. आता अर्धा तास कोणी हाक मारू नका."

दक्षता बेचाळीस वर्षांची. कोळीवाड्यात खाडीच्या काठाला जन्मली, तिथेच वाढली आणि अजून तिथेच राहत होती. तिचे वडील दामाजी होडीवर जायचे. निवटी, बोय, कोलंबी, मिळेल ते आणायचे. आई शेवंती ते टोपलीत घेऊन नाक्यावर बसायची. पुढे खाडीचं पाणी काळं झालं, मासा आत येईनासा झाला आणि दामाजीने होडी सोडली. आई गेली त्याला आता आठ वर्षं झाली होती. दक्षताचं लग्न दोनदा जुळता जुळता राहिलं. तिसऱ्यांदा तिनेच तो विषय मिटवला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती रक्तपेढीत डेटा भरायला लागली होती. रात्रंदिवस पुस्तकं वाचून, चुकत-माकत, तीच आता तिथला डेटाबेस सांभाळत होती.

घरात बापलेक दोघंच. तिच्या कामाबद्दल दामाजी कधी काही विचारायचा नाही. कोणी विचारलं तर सांगायचा, "बाय रगताचं काम करते." आणि तिनेही त्याला त्याच्या कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं. लहानपणापासून ते घरातच होतं, त्यात विचारायचं काय?

कळव्यापासून खडवलीपर्यंत रक्तपेढीची चौदा केंद्रं होती. कुठल्या केंद्रात कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, कोणती कधी बाद होणार, कोणती कोणाला दिली, हे सगळं त्या थंड खोलीतल्या डेटाबेसमध्ये होतं. तो चालू असला की दहा सेकंदांत कळायचं, डोंबिवलीत काय आहे आणि टिटवाळ्यात काय. तो बंद पडला की एकच उपाय, कागदाचं रजिस्टर काढायचं आणि केंद्राकेंद्राला फोन लावत बसायचं.

गुरुपौर्णिमेच्या दिवशी दुपारी एकला आठ मिनिटं असताना तो बंद पडला.

आधी कोणाला काही वाटलं नाही. दक्षताने तो परत सुरू केला. अशा वेळी डेटाबेस आधी स्वतःचीच झाडाझडती घेतो, अर्धवट राहिलेली कामं एकेक करून निस्तरतो आणि मगच दार उघडतो. त्यात पस्तीस मिनिटं गेली. मग ती कारण शोधायला बसली. असा डेटाबेस स्वतःची रोजनिशी ठेवतो. काय झालं, कधी झालं, कुठे अडलं, सगळं ओळीने लिहितो. तिने ती रोजनिशी उघडली. १२.५२ पर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर काहीच नाही. तक्रार नाही, चूक नाही, इशारा नाही. बोलता बोलता माणसाने मध्येच डोळे मिटावेत, तशी शेवटची ओळ अर्धी तुटलेली.

दुसऱ्या दिवशी दीडनंतर परत तेच. तिसऱ्या दिवशी सव्वादोनला. चौथ्या दिवशी तीन वाजायला दोन मिनिटं असताना. अमृताने तर म्हणच काढली, "कळव्याचा सर्व्हर दुपारी झोपतो."

सुधीर सर, म्हणजे रक्तपेढीचे व्यवस्थापक, डोंबिवलीचे जुने रहिवासी, शांत आणि नेमकं बोलणारे. त्यांनी सर्व्हर बसवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. माणूस आला, मशीन उघडलं, मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, काही प्रोग्राम अद्ययावत केले आणि म्हणाला, "आता काही होणार नाही."

खरंच काही झालं नाही. दहा दिवस सर्व्हर एखाद्या गुणी पोरासारखा चालला. सर म्हणाले, "चला, मेमरीच होती म्हणायची."

पण दक्षताचं मन मानेना. मेमरी बिघडली असती तर ती वेळकाळ पाहून कशाला बिघडली असती? रात्री कधीच नाही, सकाळी कधीच नाही. ती घरी जाऊन अंथरुणावर पडायची आणि डोळे मिटले की तिला ती थंड खोली दिसायची, पण पाण्याखाली असल्यासारखी. हिरवे दिवे लांब कुठेतरी लुकलुकताहेत आणि कोणीतरी श्वास घेतंय, सोडतंय. स्वप्नात तिला कळायचं की हा श्वास आपल्या ओळखीचा आहे. जाग आली की काय ओळखीचं होतं तेच आठवायचं नाही.

अमावास्येला परत सुरू झालं. १२.४७. दुसऱ्या दिवशी दीड. तिसऱ्या दिवशी दोन वाजून चौदा मिनिटं.

त्या तिसऱ्या दिवशी खडवलीहून एक जण आला होता. बायको बाळंत झालेली, रक्त जात होतं, ओ निगेटिव्ह हवं होतं. अमृताच्या पुढ्यातला स्क्रीन काळा. तिने रजिस्टर उघडलं, ते सकाळपर्यंतचंच. मग तिने एका कानाला एक फोन, दुसऱ्या कानाला दुसरा, असे अकरा केंद्रांना फोन लावले. चाळीस मिनिटांनी डोंबिवलीत दोन पिशव्या सापडल्या. बाई वाचली. पण ती चाळीस मिनिटं तो माणूस काउंटरच्या काचेला कपाळ टेकवून उभा होता आणि दक्षता जिन्यावरून ते पाहत होती. तिला वर जाऊन मशीन सुरू करण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

मग तिला एक गोष्ट सापडली. सातपैकी दोन वेळा, नेमकं बंद पडायच्या आधी, आंबिवलीच्या केंद्रातून एक भलामोठा रिपोर्ट सुरू होता. तिथली प्राप्ती केणे रोज जेवणाच्या सुट्टीत तो लावायची. दक्षताने सरांना सांगितलं आणि सरांनी सगळ्या केंद्रांना मेल पाठवला, की आंबिवलीचा दुपारचा रिपोर्ट पुढील सूचनेपर्यंत बंद.

प्राप्तीचा लगेच फोन आला. "मॅडम, मी चार वर्षं हाच रिपोर्ट काढतेय. आत्ताच कसा काय सर्व्हर पडतो माझ्यामुळे?"

"माहितीये गं. पण थोडे दिवस थांबून बघू."

"थांबते मी. पण मेलमध्ये नाव टाकलं ना माझ्या सेंटरचं. आता सगळे बोलतात, आंबिवलीवालीने सर्व्हर पाडला."

प्राप्तीने फोन ठेवला. आणि नेमके पुढचे अकरा दिवस सर्व्हर एकदाही पडला नाही. चौदा केंद्रांत सगळ्यांची खात्रीच झाली की दोष प्राप्तीचाच.

दक्षताची मात्र होत नव्हती. तिने सातही वेळा एका कागदावर टिंबांनी मांडल्या होत्या. आडवे दिवस, उभे तास. चार टिंबं एका तिरक्या रेघेत, मग मोठी रिकामी जागा, मग पुन्हा तीन टिंबं तशाच तिरक्या रेघेत. रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी. जेवणाची सुट्टी अशी सरकत नाही. माणसाचं कुठलंच काम असं सरकत नाही. कागदाकडे पाहत ती तासन् तास बसे. ती रेघ तिला कुठल्याशा विसरलेल्या चालीसारखी वाटायची. शब्द ओठांवर आहेत, पण बाहेर येत नाहीत.

नारळी पौर्णिमेला तिने रजा घेतली. वर्षातली तिची ती एक ठरलेली रजा. दामाजीने धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. नारळाला सोनेरी कागद लावला. बापलेक खाडीच्या पायऱ्यांवर गेले. पाऊस चार दिवस नव्हता, ऊन असं पडलं होतं की पाण्याकडे बघवत नव्हतं. आसपास बायका गात होत्या. दक्षता तिसऱ्या पायरीवर उभी होती आणि पाणी हळूहळू, कोणाला कळू न देता, तिच्या पायांपाशी आलं. आधी पायरीच्या कडेला लागलं, मग तळव्याखाली शिरलं. कोमट होतं. ती त्या कोमटपणात इतकी हरवली की हातातला फोन वाजतोय हे दामाजीनेच तिला सांगितलं.

अमृता होती. "मॅडम, सॉरी, रजेच्या दिवशी फोन करतेय. झोपला परत."

"कधी?"

"आत्ता. हे काय, दोन मिनिटं झाली असतील. आणि आंबिवलीला आज सुट्टी आहे, तिथे कोणीच नाहीये."

दक्षताने पायांकडे पाहिलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. वरही नाही, खालीही नाही. खाडी श्वास रोखून उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी किती वाजता भरलं?"

"भरतंय आत्ताच. आज पुनव ना." दामाजीने घड्याळाकडे पाहिलंही नाही. "एकाच्या जवळ."

"आणि उद्या?"

"उद्या पाऊन तास उशिरा. परवा आनखी पाऊन तास." त्याला तिच्या प्रश्नाचं नवल वाटलं होतं. "तिथीची पाऊनपट करायची, बाय. बीज म्हंजे दोन, दोनाची पाऊनपट दीड. बारावर दीड तास, आनि आपली खारी दर्यापासून आत हाय म्हनून वर आनखी थोरा टायम. अष्टमीला काय, भांग. पानी आलंच नाय आल्यासारखं. परत अवसेला उधान."

तिच्या मनात ती तिरकी रेघ सरळ उभी राहिली. पौर्णिमेला चार टिंबं, अमावास्येला तीन, मधली रिकामी जागा म्हणजे भांग. बेचाळीस वर्षं ज्या पाण्याच्या काठाला ती झोपली-उठली होती, त्याचंच ते वेळापत्रक होतं.

"पण रात्रीही भरती येते ना? मग रात्री का नाही होत?"

"काय नाय होत?"

"माझं मशीन बंद पडतं, बाबा. भरतीला. फक्त दिवसाच्या."

दामाजी पाण्यात एक पायरी उतरला. त्याने नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि मग म्हणाला, "पावसाल्यात दिवसाचा पानी मोठा, रातचा ल्हान. हिवाल्यात उलटा. तुझ्या मशीनला मोठाच पानी लागत असंल."

ती तशीच, ओल्या पायांनी, ऑफिसला गेली.

"सर, उद्या सर्व्हर दुपारी एक पस्तीसच्या सुमाराला बंद पडेल," तिने सुधीर सरांना सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "दक्षता, तुम्ही बंद पाडणार आहात का?"

"नाही, सर. खाडी."

ते हसले नाहीत, हे तिला पुढे बरीच वर्षं लक्षात राहिलं. फक्त म्हणाले, "मग आपण काय बघायचं?"

"खाडीचं पाणी या इमारतीत कुठे येतं, ते."

दुसऱ्या दिवशी अमृता सर्व्हरच्या खोलीत बसली आणि दक्षता इमारतीच्या रघुला घेऊन तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरली. रघु तिथला वीज-पाणी बघायचा. कोपऱ्यात, जुन्या स्कूटरींच्या मागे, जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. रघुने ते उचललं. खाली चौकोनी खड्डा, निम्म्यावर काळं पाणी, आणि तिच्या घराच्या मागच्या दारी येतो तोच खारा वास.

"पावसाचं आहे का हे?"

"पाऊस कुठाय, मॅडम? पाच दिवस थेंब नाही. खाडीचं हे, जमिनीतून मुरून येतं. मोठी भरती असली की खड्डा भरतो. मग मोटर आपोआप लागते न् उपसून टाकते."

"आधीपासून आहे?"

"खड्डा जुना. मोटर नवीन, जूनमध्ये बसवली. तिप्पट ताकदीची. जुनी सारखी जळायची ना."

दोघं झाकणाच्या कडेला बसले. खाली पाणी वर येताना दिसत नव्हतं. नजर हटवून परत पाहिलं की ते बोटभर वर असायचं. पाण्यावर एक प्लॅस्टिकचा फुगा तरंगत होता, मोटरच्या बटणाला बांधलेला. दक्षताला वाटलं, आपण पुन्हा त्या स्वप्नात आहोत. हाच तो श्वास. जमीन आत घेतेय, जमीन बाहेर सोडतेय. वरच्या चार मजल्यांवर माणसं जेवताहेत, फोन घेताहेत, पिशव्यांवर नंबर चिकटवताहेत, आणि पायाखालून खाडी येऊन जाते हे कोणाच्या गावीही नाही.

फुगा कलला. खट् असा आवाज झाला. मोटर हुंकार देऊन उठली आणि तळघरातली जुनी ट्यूब डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ मंदावली.

दक्षताचा फोन वाजला.

"गेला, मॅडम," अमृता म्हणाली. तिचा आवाज जरा घाबरलेलाच होता. "एक सदतीस."

पुढचं उलगडायला दीड दिवस लागला. तळघरातली मोटर आणि वरची थंड खोली एकाच वीजवाहिनीवर होती. एवढी मोठी मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी भसकन वीज ओढायची आणि वर क्षणभर दाब पडायचा. त्यासाठीच तर यूपीएस होता. त्याच्यावर हिरवा दिवाही होता, रोज असायचा. दक्षताने तो उघडायला लावला, तर आतल्या बॅटऱ्या फुगून भाकरीसारख्या झालेल्या. दिवा हिरवा होता, जीव नव्हता. सर्व्हरला विजेचा दुसरा जोड होता म्हणून तो तगून जायचा. पण ज्या पेटीत सगळा डेटा होता त्या डिस्कच्या पेटीला तसा जोड नव्हता. ती अर्ध्या सेकंदासाठी विझायची आणि लगेच पेटायची. तेवढ्यात डेटाबेसच्या पायाखालची जमीन निघून गेलेली असायची. आणि रोजनिशीही त्याच पेटीत. आपलं काय झालं हे तो लिहिणार तरी कुठे?

नव्या बॅटऱ्या यायला आणि मोटरला वेगळी वाहिनी घालायला तीन दिवस लागणार होते. ते तीन दिवस दक्षताने दामाजीच्या हिशेबाने काढले. पाणी चढायच्या दहा मिनिटं आधी ती स्वतःच डेटाबेस हळूच बंद करायची, मोटर लागून गेली की उघडायची. नीट मिटलेला असल्याने तो पाच मिनिटांत उघडायचा. सुधीर सर त्या त्या दिवशी सकाळी सगळ्या केंद्रांना मेल करत, "आज दुपारी २.५० ते ३.१० यंत्रणा बंद राहील." वेळ कुठून येते ते त्यांनी मेलमध्ये लिहिलं नाही. अमृताने मात्र सगळ्यांना सांगून टाकलं.

काम झालं त्या आठवड्यात दक्षताने अहवाल लिहिला. शेवटी तिने एक परिच्छेद वेगळा घातला, की आंबिवली केंद्राच्या रिपोर्टचा या बिघाडाशी काही संबंध नव्हता आणि तसा संशय घेण्यात चूक माझी झाली. सरांना म्हणाली, "हा मेल सगळ्यांना जाऊ दे. पहिला गेला होता तसाच."

आणि शनिवारी ती स्वतः आंबिवलीला गेली. प्राप्ती केंद्रात एकटीच होती, फ्रीजचं तापमान वहीत टिपत होती. दक्षताला दारात पाहून तिने पेन खाली ठेवलं.

"मेल वाचला मी," ती म्हणाली. "यायची काय गरज होती, मॅडम? फोन केला असता तरी चाललं असतं."

"नसतं चाललं."

प्राप्तीने वही मिटली. मग म्हणाली, "घरी नवऱ्यालासुद्धा वाटायला लागलेलं की मी काहीतरी चुकीचं दाबते. मलाही वाटायला लागलेलं."

"तेच तर," दक्षता म्हणाली. "मला टिंबं दिसत होती, प्राप्ती. ती तुझ्याकडे जात नव्हती. तरी मी बोट दाखवलं, कारण दुसरीकडे दाखवायला जागा नव्हती."

प्राप्तीने चहा मागवला. मग दोघींनी मिळून तो भलामोठा रिपोर्ट लावला आणि स्क्रीनवरची निळी पट्टी हळूहळू पुढे सरकताना पाहत बसल्या. बाहेर रेल्वेच्या पलीकडे हिरवी शेतं पसरली होती. पट्टी टोकाला पोचली तेव्हा दोघींचा चहा गार झाला होता.

पुढच्या अमावास्येला मोठं उधाण होतं. मोटर लागली, थांबली. वर कोणाला पत्ताही लागला नाही. अमृता एका म्हाताऱ्याला पिशवीची पावती देत होती. दक्षताने घड्याळ पाहिलं, एक पाच झाले होते, आणि ती डबा खायला गेली.

भाद्रपदात एके दिवशी दामाजी न सांगता रक्तपेढीत आला. सदरा, टोपी, हातात पिशवीत गुंडाळलेली सुकी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, अमृतासाठी. "मना बगायचाय तो तुझा मशीन," तो म्हणाला.

तिने त्याला वर नेलं. चपला काढून तो त्या थंड खोलीत शिरला. तिने काचेचं दार उघडलं. दामाजीने खडबडीत तळवा डिस्कच्या पेटीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

"गरम हाय," तो शेवटी म्हणाला.

"काम करतोय ना."

"झोपत नाय कवा?"

"नाही, बाबा."

दामाजीने मान हलवली, जणू कोणा कष्टाळू माणसाची खुशाली ऐकली. मग पेटीवरून हात फिरवत म्हणाला, "यात काय काय ठेवलंस, सांग मना."

दक्षताने खुर्ची ओढून त्याला बसवलं, आणि पहिल्या पिशवीपासून सांगायला सुरुवात केली.